वितळवायचं नाही, मऊ करायचं

अ‍ॅक्रिलिकची शीट वाकवून मोबाइल स्टँड, देव्हाऱ्याचं झाकण किंवा गणपतीचं मखर करायला बसलेल्या बहुतेकांचा समज असतो की प्लास्टिक वितळवलं की ते वाकतं. पुढच्या सगळ्या फजितीचं मूळ तिथेच आहे. अ‍ॅक्रिलिकला ठरावीक वितळबिंदूच नसतो. साधारण 105 अंश सेल्सिअसपर्यंत ते कडक राहतं. त्यापुढे त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या हलायला मोकळ्या होतात आणि 150-160 अंशांच्या आसपास शीट रबरासारखी लवते. वाकवायचं ते याच टप्प्यात. शीट ओघळायला लागली, तर वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

एकदा चुकीचं वाकलं की तुकडा वाया गेला, हाही समज अर्धवटच खरा. कास्ट प्रकारची शीट पुन्हा नीट तापवली तर बरीचशी आपोआप सपाट होते, कारण साखळ्या ताणल्या गेल्या तरी जागा सोडून वाहिलेल्या नसतात. करपलेला किंवा बुडबुडे आलेला भाग मात्र सुधारत नाही. एक्स्ट्रूडेड शीट थोडी स्वस्त असते आणि कमी तापमानाला मऊ होते, पण कारखान्यात ती एका दिशेने ओढली गेलेली असते. त्यामुळे पूर्ण तापल्यावर त्याच दिशेने आक्रसते. मापाला मोजून कापलेला तुकडा मग बसत नाही, आणि दोष मात्र कापणाऱ्यावर जातो. दुकानदाराला प्रकार विचारून घ्यावा, आणि मोठा तुकडा अख्खा तापवायचा असेल तर कडेला थोडी जास्तीची जागा ठेवावी.

गॅसच्या ज्योतीवर काम पटकन होतं, असं सांगणारे भेटतात. पटकन होतं ते जळणं. अ‍ॅल्युमिनिअमशी तुलना केली तर अ‍ॅक्रिलिक हजारपटीहून जास्त मंद उष्णता वाहून नेतं. मोठ्या आचेवर टाकलेली जाड भाकरी जशी वरून करपते आणि आतून कच्ची राहते, तसंच इथे होतं: वरचा थर फसफसतो, आतला कडकच असतो, आणि जोर लावला की शीट कटकन तुटते. शिवाय अ‍ॅक्रिलिक पेट घेतं, आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात.

बोर्ड बनवणारे कारागीर म्हणूनच नायक्रोमच्या तारेचा हीटर वापरतात. तापलेल्या तारेवर, तिला न टेकवता, वाकवायची रेघ धरायची आणि शीट मधूनमधून उलटायची. 3 एमएमच्या शीटला काही मिनिटं पुरतात. 6 एमएमला दोन्ही बाजूंनी उष्णता द्यावीच लागते. एकाच बाजूने तापवायचं असेल, तर वाकल्यावर जी बाजू बाहेर येणार ती तारेकडे हवी, कारण ताणली जाते ती तीच. घरगुती जुगाडात उघडी तार थेट मेनच्या विजेला जोडलेली दिसते. तिला चुकून हात लागला तर जीव जाऊ शकतो. तयार हीटर घ्या, नाहीतर छोट्या कामाला हीट गन बरी, मात्र ती सतत हलती ठेवून. आणि हो, शीटवरचा संरक्षक कागद किंवा फिल्म आधी दोन्ही बाजूंनी काढा.

बुडबुडे आले म्हणजे माल हलका, असं लगेच ठरवू नये. एकतर उष्णता जास्त झालेली असते, नाहीतर शीटमध्ये ओल मुरलेली असते. अ‍ॅक्रिलिक हवेतली आर्द्रता शोषतं; कोकणातल्या पावसाळ्यात उघडी पडलेली शीट तापवली तर ती ओल वाफ होऊन आतच अडकते. आधी 80 अंशांच्या आसपास काही तास वाळवणं हा त्यावरचा उपाय.

सगळ्यात धोकादायक गैरसमज म्हणजे ‘प्लास्टिक ते प्लास्टिक’. पॉलिकार्बोनेट दिसायला अ‍ॅक्रिलिकसारखंच पारदर्शक, पण त्याला अधिक उष्णता लागते आणि न वाळवता तापवलं तर त्यात बुडबुड्यांची रांगोळी उठते. उलट पातळ शीटला मोठा बाक द्यायचा असेल तर ते थंडच वाकतं, तापवायची गरजच नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं; जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो डोळ्यांना व घशाला झोंबतो. सनबोर्डही बहुधा पीव्हीसीचाच असतो. पाण्याची पीईटी बाटली मुळात ताणून फुगवलेली असते, म्हणून गरम पाण्यात ती आकसते, आणि सावकाश जास्त तापवली तर दुधाळ पांढरी पडते. बेकेलाइट आणि मेलामाइन तर कितीही तापवा, मऊ होणार नाहीत; करपतील. त्यांच्या साखळ्या घडतानाच एकमेकींना कायमच्या बांधल्या गेलेल्या असतात. भंगारातली, नाव माहीत नसलेली शीट तापवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

वाकवल्यावर पाण्यात बुडवलं की आकार पक्का होतो, असंही मानतात. आकार राहतो, पण आत ताणही अडकतो. तो दिसत नाही. दिसतो तो नंतर, कोपरा क्लोरोफॉर्मने चिकटवताना किंवा सॅनिटायझरने पुसताना, केसाएवढ्या भेगांच्या जाळीत. कारण अल्कोहोलसारखे द्रावक नेमक्या ताणलेल्या जागी घुसतात. म्हणून वाकवलेला तुकडा साच्यात धरून हवेतच थंड होऊ द्यावा. तो चिकटवायचा असेल तर पुन्हा 80 अंशांच्या आसपास काही तास ठेवून हळूहळू गार करावा.

त्यासाठी स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नये. तापलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून निघणारी वाफ उग्र वासाची आणि श्वासाला त्रास देणारी असते. जुना विजेवर चालणारा ओव्हन फक्त याच कामासाठी वेगळा ठेवावा, गॅसचा नको, आणि तो खिडकीजवळ असावा.