अलका माहेरी का गेली?

दुपारची झाकपाक आटोपून हाती घ्यावी आणि चहाची वेळ टळून जावी, अशी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी आहे. ती २००२ साली निघाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. वाचनालयात सहज मिळेल.

घर विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं. एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला, पण मास्तरकी हवी तर संस्थेला पैसे मोजायचे, ते आणायचे कुठून? घरचं बियाणं, शेणखत मागे पडलं. आता बी, खत, औषध सगळं विकतचं, आणि पिकलेल्या मालाचा भाव मात्र दुसऱ्याच्या हाती! वडील सुभानराव, आई शेवंतामाय, सगळ्यांची ओढाताण चाललेली.

अशा घरात शिकलेली, शहरी वळणाची अलका सून म्हणून येते. नवऱ्याला आज ना उद्या नोकरी लागेल, एवढ्याच आशेवर. ती लागत नाही आणि अलका माहेरचा रस्ता धरते. वाचताना पहिला राग येतो तो तिचाच. पण थांबा जरा. त्या घरात तिचं म्हणावं असं काय होतं हो? हातात पैसा नाही, जमिनीत नाव नाही. कष्ट आणि कर्जाची काळजी तेवढी वाट्याला.

आपल्या ओझरचंच बघा ना. १९६४ साली विमानांचा कारखाना आला आणि एक तारखेच्या पगाराची गोडी लागली. शेजारी द्राक्षबागा आहेत, पण ऐन काढणीत गारा पडल्या की वर्ष वाया. सोसायटीचा हप्ता काही चुकत नाही. मग लेकीसाठी स्थळ बघताना आपण काय म्हणतो? मुलगा नोकरीवालाच हवा, गावी चार एकर असली तर उत्तम! म्हणजे शेत हवं, शेतकरी नको. अलकाला नावं ठेवणाऱ्या आपणच ना या?

१९८६ च्या नोव्हेंबरात जवळच चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. पुढे शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. १९९२ मध्ये तर सातबारावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचा सरकारी निर्णयही निघाला. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा, बस्स.

लेकीला शेतकऱ्याचं स्थळ आलंच, तर बाग किती एकर ते विचाराच. पण सातबारावर सासूबाईंचं नाव आहे का, हेही विचारा.