हार्लेममधल्या गॅरेजचं उघडं दार

1968 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका गॅरेजमध्ये बॅलेचे वर्ग भरत. उकाड्यामुळे दार सताड उघडं असे. रस्त्यावरची पोरं दारात रेंगाळत, आतल्यांची टिंगल करत आणि मग ‘हे तर आपल्यालाही जमेल’ म्हणत आत शिरत. सुरुवातीला जेमतेम 30 मुलं होती. दोन महिन्यांत ती 400 झाली.

शिकवणारे आर्थर मिचेल याच वस्तीत वाढलेले. वयाच्या बाराव्या वर्षापासून बूट पॉलिश करून, पेपर टाकून त्यांनी घराला हातभार लावला होता. शाळेतल्या एका समुपदेशकाने त्यांना पार्टीत नाचताना पाहिलं आणि कलाशाळेची प्रवेशपरीक्षा द्यायला लावली. 1955 मध्ये ते न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाले. दोनच वर्षांनी नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांनी ‘अगॉन’ या बॅलेमधलं युगुलनृत्य त्यांच्यावर आणि डायना अ‍ॅडम्स या गोऱ्या नर्तिकेवर बसवलं. कृष्णवर्णीय पुरुष आणि गोरी स्त्री इतक्या जवळून नाचताहेत, हे त्या काळच्या अमेरिकेला पचणारं नव्हतं. व्यावसायिक टीव्हीवर ते दिसायला 1968 साल उजाडावं लागलं.

त्याच वर्षी 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल तेव्हा ब्राझीलमध्ये बॅले कंपनी उभारण्याच्या कामात होते. तिकडे जायला निघून विमानतळाच्या वाटेवर असताना त्यांना ही बातमी कळली. परदेशात जाऊन जे करायचं ते आपल्या वस्तीत का करू नये, हा प्रश्न त्यांना पडला. पदरचे 25,000 डॉलर घालून त्यांनी काम सुरू केलं. 1969 मध्ये आपले जुने गुरू कारेल शूक यांच्यासोबत त्यांनी ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ची रीतसर स्थापना केली. नाव थिएटरचं असलं तरी पाया शाळेचा होता.

पण बॅलेच का? युरोपच्या राजदरबारात वाढलेला, गोऱ्यांचा म्हणून मिरवणारा हा नाच हार्लेमच्या पोरांच्या काय कामाचा? उत्तर शोधायचं तर वर्गाचा पहिला अर्धा तास पाहावा. सगळे एका लाकडी दांडीला धरून उभे. टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर वळवलेली, पाठ ताठ. गुडघे हळूहळू वाकतात, पण पायांच्या बोटांच्या रोखानेच. जरा आत वळले की शिक्षकाचा हात येतो. मग एक पाऊल जमिनीला घासत पुढे सरकतं, टाच सुटते, पंजा सुटतो, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात. तसंच परत. आठ वर्षांची मुलगी हे करते आणि जगभर नाव झालेली नर्तिकाही रोज सकाळी याच हालचालींपासून सुरुवात करते. इथे कुणाला सूट नाही, आणि चूक एकीची काढली तरी ऐकतात सगळ्या. ज्या मुलांना घराबाहेर कुणी मोजत नव्हतं, त्यांच्या पावलाचा कोन कुणीतरी इतक्या गांभीर्याने पाहत होतं. माझ्या मते शाळेची ताकद होती ती यात.

मिचेल यांनी तंत्राला धक्का लावला नाही, भोवतालचं मात्र बेधडक बदललं. घट्ट टाइट्स घालायला मुलगे लाजत, म्हणून त्यांना कापलेल्या जीन्सवर येऊ दिलं. साथीला ढोल आणले. 1974 च्या सुमारास टाइट्सच्या रंगाचीही पाळी आली. बॅलेत मुलींचे टाइट्स आणि बूट गुलाबी असतात, कारण गोऱ्या कातडीवर शरीराची रेघ कमरेपासून बोटांपर्यंत सलग दिसते. सावळ्या अंगावर मात्र तोच गुलाबी रंग शरीर कमरेशी तोडतो. म्हणून इथल्या नर्तिका आपापल्या वर्णाप्रमाणे टाइट्स रंगवू लागल्या, बुटांच्या साटीनवर मेकअपचे थर देऊ लागल्या. (आपल्याकडेही दुकानात ‘स्किन कलर’ मागितला की कुणाच्या कातडीचा रंग पुढे येतो, ते आठवून पाहा.) गोऱ्यांखेरीज इतरांसाठी तपकिरी पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट) करायला लंडनच्या ‘फ्रीड’ कंपनीला 2018 पर्यंत वेळ लागला. मधली चाळीसएक वर्षं बाटली आणि स्पंज घेऊन बसण्यात गेली.

मिचेल संत नव्हते. वजनावरून, कपड्यांवरून, रस्त्यात कसं वावरायचं यावरून ते मुलींना टोचून बोलत. आपल्या कंपनीने चूक केली तर ती एका नर्तिकेची नव्हे, साऱ्या समाजाची चूक ठरेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. तो धाक खरा होता. पण त्याचं ओझं विशीतल्या पोरींनी वाहिलं. कंपनीतली एक नर्तिका, शीला रोहान, तीन मुलांची आई होती आणि कामावर गदा येईल म्हणून तिने सुरुवातीला ते लपवलं होतं.

2004 मध्ये कर्जापायी संस्थेची नृत्यकंपनी बंद पडली. शाळाही हेलकावे खाऊन सावरली, आणि पुढची वर्षं तिनेच संस्था तगवली. कंपनी रंगमंचावर परतली 2012 मध्ये. परतवली ती व्हर्जिनिया जॉन्सन यांनी. कृष्णवर्णीय मुलीला बॅलेत जागा नाही, असं तरुणपणी ऐकवलं गेलेल्या या बाई मिचेल यांच्या वर्गात आल्या, संस्थेच्या पहिल्या फळीत सामील झाल्या आणि तिथे 28 वर्षं नाचल्या.

2015 मध्ये मिस्टी कोपलंड अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तिका झाली. तिच्याआधी जणू कुणीच नव्हतं, अशा थाटात लिहिलं गेलं. मिचेल यांच्या कंपनीतली लिडिया अबार्का तर 1975 मध्येच ‘डान्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर झळकली होती! कोविडच्या काळात अबार्का, रोहान आणि त्यांच्या तीन जुन्या सहकारिणी दर आठवड्याला झूमवर जमू लागल्या. शाळेच्या रस्त्याचा क्रमांक घेऊन त्यांनी ‘152 वी स्ट्रीट ब्लॅक बॅले लेगसी’ हा गट काढला. त्यांची तक्रार मिस्टीबद्दल नाही, विसराळूपणाबद्दल आहे. सत्तरीच्या आगेमागे असलेल्या या बायका मग फोटो, कार्यक्रमपत्रिका आणि जुनी नावं जुळवत बसल्या. त्यातूनच 2024 मध्ये कॅरेन व्हॅल्बी यांचं ‘द स्वान्स ऑफ हार्लेम’ हे पुस्तक आलं.