माहेर डेट्रॉइट, सासर आखात

१८ ऑक्टोबर १९७३ रोजी अबू धाबीने अमेरिकेचं तेल तोडलं. अरब-इस्रायल युद्धात अमेरिकेने इस्रायलला शस्त्रं पुरवली, त्याला दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते देण्यात ही अमिरात सौदी अरेबियाच्याही दोन दिवस पुढे होती. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरला जाऊन भिडलं. पुढे काय झालं ते दोन्हीकडचं एकत्र ठेवून सहसा कोणी पाहत नाही. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या, महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला आणि १९७७ ची शेवरले कॅप्रिस आदल्या वर्षीच्या कॅप्रिसपेक्षा दहाएक इंचांनी आखूड आणि जवळपास तीनशे किलोंनी हलकी होऊन कारखान्याबाहेर पडली. इकडे तोच तेलाचा पैसा आखातात येऊन पडला आणि अमेरिकेला जड झालेल्या लांबरुंद गाड्यांना दुबई-अबू धाबीत हक्काचं दार मिळालं. सत्तरच्या दशकातली अमेरिकन गाडी अमिरातीत दुरुस्त करून चालवणाऱ्यांकडे परदेशी वस्तूंचे शौकीन म्हणून पाहिलं जातं. मला ते पटत नाही. गाडीचं माहेर डेट्रॉइट असेल, पण संसार तिने इथे केला. तिला पूर्वस्थितीत आणायचं, तर सासरची स्थिती धरूनच आणायला हवं.

वारसा म्हणजे उंट, खजुरीच्या बागा आणि मोती काढायला जाणारी गलबतं, त्यात कॅडिलॅक कुठून आली, असं कोणी विचारेल. पण हे राष्ट्रच २ डिसेंबर १९७१ चं आहे; त्याचं बालपण आणि या गाड्यांचं तारुण्य एकाच वेळचं. शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांनी डॉज पॉवर वॅगन या अमेरिकन ट्रकची अवाढव्य प्रतिकृती बांधवून घेतली, आणि तिच्या पोटात चक्क राहण्याच्या खोल्या आहेत. प्रकार विक्षिप्त खरा, पण एखादा समाज कशाचं स्मारक करतो यावरून त्याला आपलं काय वाटतं ते कळतं. आपल्याकडचंच पाहा. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ शिवडीत गाड्या जुळवत होती, कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडत होत्या. त्या काळच्या मुंबईच्या फोटोत डॉज दिसली, तर ती आपल्याला परकी वाटते का? जिथे वस्तू वापरली जाते, तिथली ती होते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो जास्त टोकदार आहे. ते म्हणतात, जपायच्याच तर साठच्या दशकातल्या गाड्या जपा. सत्तरच्या दशकात डेट्रॉइटचा कस गेला. आकडे त्यांच्या बाजूचे दिसतात. १९७० च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन कागदावर ४०० अश्वशक्तीचं, तर १९७६ मध्ये तेवढ्याच आकाराचं इंजिन १९० चं. मात्र १९७२ पासून मोजायची रीतच बदलली. आधी इंजिन एकटं, मोकळं फिरवून मोजत. मग पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं जोडून मोजू लागले. प्रदूषणाच्या नियमांसाठी कॉम्प्रेशन उतरवलं तेव्हा ताकद घटली, हे खरंच. पण आकडा घसरला तेवढी नाही. शिवाय या इंजिनांची ओढ अगदी खालच्या फेऱ्यांत असते. सिग्नलवरून निघताना ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की दोन टनांचं धूड आवाज न चढवता पुढे सरकतं. लांब, सरळ आणि सपाट रस्त्यावर दिवसभर असं सरकत राहण्यासाठीच ते घडवलेलं आहे, आणि असा रस्ता अमिरातीइतका क्वचितच कुठे मिळेल.

दुरुस्तीचा खरा कस मात्र उन्हात लागतो. इथे पत्र्यापेक्षा रबर, व्हिनाइल आणि प्लास्टिक आधी मरतं: डॅशबोर्डला भेगा पडतात, दारांच्या रबरी पट्ट्या हातात भुगा होऊन येतात. वाळवंट कोरडं म्हणून गंज नाही, हाही भ्रमच. किनाऱ्याची हवा खारट आणि दमट आहे. शारजाच्या औद्योगिक वसाहतीत किंवा दुबईच्या अल कूझमध्ये डेंटर पुटी खरवडू लागतो, तेव्हा खरं काय ते बाहेर येतं. त्याहून अवघड दुखणं पेट्रोलचं. उन्हात चालून आलेली गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की इंजिनाची धग वर चढते, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं, नळीत वाफ धरते आणि गाडी पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. उपाय साधे आहेत: कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारी जाड चकती, जास्त नळ्यांचा रेडिएटर, टाकीजवळ विजेचा पंप. इथेच मूळ रूपाचे सोवळे पाळणारे अडतात. कारखान्याने दिलं नाही ते लावायचं नाही म्हणतात. पण एसीचं काय करणार? त्या एसीत आर-१२ वायू असे, आणि ओझोनच्या थराला तो घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. नवा वायू भरायचा तर सील आणि तेल बदलावंच लागतं. मूळ कॉम्प्रेसर ठेवून एवढा बदल करावा, असं मी म्हणेन. आखातात एसी नसलेली कॅप्रिस मूळ अवस्थेतली कशी म्हणायची? तिथे ती तशी कोणी चालवलीच नसती.

तो कॉम्प्रेसरच आणखी एक गोष्ट शिकवतो. फ्रिजिडेअरचा ए-६, लोखंडी, जेमतेम उचलता येईल असा. त्याच्या दांड्याभोवतीचं सील तेलाने ओलं राहिलं तरच वायू धरतं, आणि ते ओलं राहतं फिरल्यावर. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की सील सुकतं, वायू निसटतो. पेट्रोलचा चीक जमतो, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, टायर एका जागी चपटे होतात. शारजाच्या विमानतळाजवळ २००८ पासून जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखंही आहे; पण कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी यंत्र म्हणून रोज थोडी मरत असते. लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी आजच्या हवामानात चालवणं बेजबाबदार आहे, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढता येणार नाही. फक्त हिशेब पुरता मांडावा. हिवाळ्यातल्या चार महिन्यांत हजार किलोमीटर झाले तर दोनशे लिटर जळतात. रोज कामावर जाणारी मोठी एसयूव्ही तेवढं महिन्या-दीड महिन्यात पिते.

म्हणून डिसेंबरात अल ऐनजवळच्या जबल हफीतला जावं. बाराएक किलोमीटरचा घाट, साठ वळणं. चढताना पाय खाली दाबला की कार्ब्युरेटरची मागची दोन मोठी तोंडं उघडतात आणि बॉनेटखालून घोगरा हुंकार येतो; तेवढ्यात पेट्रोलचा काटाही हलतो. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं आणि पुढची चाकं कुठे आहेत हे काही सांगत नाही, त्यामुळे वळण आधीच हेरावं लागतं. उतरताना मात्र गाडीचं वजन आठवतं: पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि तापले की पेडल मऊ पडतं. तेव्हा शिखरावर थोडं थांबावं, ब्रेक निवू द्यावेत, गिअरचा दांडा दुसऱ्यावर ओढावा आणि इंजिनालाच गाडी धरू द्यावी.