बांधापलीकडची कीड : खानदेशातील काही गैरसमज

कीड ही ज्याच्या त्याच्या शेतापुरती बाब असून ती फवारणीने आटोक्यात येते, ही जळगाव-धुळे भागातील समजूत गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत फोल ठरते. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते आणि अंड्यातून निघताच बोंडात शिरत असल्याने मित्रकीटकांच्याच नव्हे, तर फवाऱ्याच्याही आवाक्याबाहेर जाते; म्हणून शिवारात कपाशी वर्षातून किती महिने उभी असते, हे तिच्या बाबतीत बांधावरील झाडोऱ्यापेक्षा अधिक निर्णायक ठरते. मे महिन्यात ठिबकावर लावलेली बागायती कपाशी आणि हंगामानंतरही पाणी देऊन राखलेली फरदड यांमुळे अळीच्या खाद्यात खंड असा फारसा पडत नाही, आणि जो काही पडतो तो ती पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत किंवा जिनिंगमधील सरकीत सुप्तावस्थेत काढते. २०१७ च्या उद्रेकानंतर काही हंगामांत १ जूनपूर्वी बियाणे विक्रीवर निर्बंध आले ते याचसाठी. एकट्याने पऱ्हाट्या उपटून काही साधत नाही, कारण पतंग शेजारच्या फरदडीतून उडत येतात.

बांध जितका स्वच्छ तितकी कीड कमी, हे मात्र अर्धसत्य आहे. बांधावरील गाजरगवतावर पिठ्या ढेकूण पोसला जातो, हे खरे. परंतु त्याच्या शरीरात अंडी घालणारी एनॅसियस ही परोपजीवी, म्हणजे यजमान किडीला आतून खाऊन मारणारी, गांधीलमाशीही त्याच्याच आधाराने टिकते. कपाशीच्या शेंड्यावर फुगलेला, तपकिरी, कडक झालेला आणि एका टोकाला गोल छिद्र पडलेला ढेकूण दिसला, तर ती माशी काम उरकून बाहेर पडलेली असते. अशा वेळी घाईने केलेली फवारणी बहुधा तिच्याच पिढीला मारते.

याउलट, भोवती हिरवाई असली की कीड आपोआप घटते, हा अलीकडे रूढ झालेला समजही तपासून घ्यावा लागतो. जगभरातील १३२ अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात भोवतालच्या भूदृश्याचा, म्हणजे पिके, पडीक जमीन व झाडोरा यांच्या एकूण मांडणीचा, किडींवर सर्वत्र सारखा परिणाम आढळला नाही. रावेर-यावल पट्ट्यातील केळीवरचा ककुंबर मोझॅक हा विषाणूरोग याचे जवळचे उदाहरण होय. मावा हा विषाणू काकडीवर्गीय पिके, कडधान्ये आणि तणांवरून उचलतो व केळीवर क्षणभर सोंड खुपसूनही पसरवतो, त्यामुळे ढालकिड्याने त्याला नंतर खाल्ले तरी रोग लागलेलाच असतो. कपाशीत आंतरपीक म्हणून ढालकिडे पोसणारी चवळी केळीच्या नव्या लागवडीशेजारी म्हणूनच नको.