समजून घ्या : ‘कवडीमोल’ म्हणजे नेमकं किती?

कर्जत-खालापुरात फार्महाऊससाठी विकल्या गेलेल्या जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘कवडीमोल भावानं गेली.’ डोंगराच्या कुशीतल्या या तालुक्यांत भाव मोजायला समुद्रातली कवडी आली कुठून?

कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. ते खरोखरचं चलन होतं. मालदीवच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या कवड्या जहाजांतून बंगालला जायच्या, बदल्यात तांदूळ यायचा. लवकर झिजत नाही, नक्कल करणं अवघड, त्यामुळे बाजारात सुटे पैसे म्हणून सोयीची. एका रुपयाला हजारो कवड्या पडायच्या. फुटकी असेल तर तेवढीही किंमत नाही!

ओडिशात ईस्ट इंडिया कंपनीनं शेतसारा कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत मागायला सुरुवात केली. कवडीचा भाव घसरला, शेतकऱ्यांना रुपये जमेनात, अनेकांच्या जमिनी गेल्या. १८१७च्या पाइक उठावामागच्या कारणांत हेही एक होतं. म्हणजे जमीन हातची जाणं आणि कवडी यांचं नातं बोलण्यापुरतं नाही.

देवीच्या दारात मात्र तिचा भाव कधी पडला नाही. डोळ्यासारख्या आकारामुळे ती दृष्ट अडवते, अशी समजूत. तुळजाभवानीचे आराधी आजही कवड्यांची माळ गळ्यात घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागतात.