झोंपेंतील श्वास आणि मास्कची निवड

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा भाग झोंपेंत जातो. दिवसाच्या श्रमांनीं थकलेल्या शरीरास पुनः टवटवी आणणारी ही देवाची मोठी देणगी होय. परंतु कांहीं माणसांस आठ तास झोंप घेऊनहि सकाळीं थकवाच वाटतो. त्यांचें डोकें जड असतें, तोंड कोरडें पडलेलें असतें, आणि दुपारीं काम करितां करितां डोळे मिटूं लागतात. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस येथील युतुख नांवाच्या तरुणाची हकीकत आहे. पौलाचें भाषण लांबलें तेव्हां तो खिडकींत बसल्या बसल्या झोंपीं गेला व तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. त्याला झोंप आली ती रात्र फार झाली म्हणून. परंतु भर दिवसा, वर्गांत, उपासनेंत किंवा वाहन चालवितांना जो रोज पेंगतो, तो आळशीच असला पाहिजे असें समजूं नये. त्याच्या झोंपेंत रात्रभर विघ्न येत असेल आणि तें त्याचें त्यासच ठाऊक नसेल.

या विघ्नाचें नांव स्लीप ॲप्निया. ॲप्निया हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘श्वासाचा अभाव’ असा आहे. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडतात. कित्येकांच्या घशांतील वाट त्यामुळें अरुंद होते व मधून मधून अगदीं बंद पडते. छाती श्वासासाठीं धडपडत असते, पण हवा आंत जात नाहीं. निदान १० सेकंद, आणि पुष्कळदां त्याहून अधिक वेळ, ही स्थिति राहते. रक्तांतील प्राणवायु कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्यानें घोरून कूस बदलतो, आणि पुनः तेंच चक्र सुरू होतें. प्रौढ माणसांत हा अडथळा तासांत ५ पासून १५ वेळां आला तर रोग सौम्य, १५ पासून ३० पर्यंत मध्यम, आणि त्याहून अधिक वेळां आला तर तीव्र समजतात. त्याच्या पाठोपाठ रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण पडतो. मुलांतहि हा रोग आढळतो; त्यांच्या बाबतींत बहुधा घशांतील गांठींची वाढ हें कारण असतें, व शस्त्रक्रियेनें पुष्कळांस गुण येतो.

प्रौढांसाठीं जो प्रमुख उपाय आहे, तो सिडने येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं शोधून काढिला. १९८० सालीं त्यांनीं तो प्रथम करून पाहिला, आणि १९८१ सालीं पांच रोग्यांवरील अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध केला. उपायाचें तत्त्व साधें आहे. नाकावाटे थोड्या दाबाची हवा सतत सोडीत राहिलें, कीं ती हवा घशाच्या सैल भिंतींस आंतून टेकूप्रमाणें आधार देते व वाट मिटत नाहीं. हा दाब पाण्याच्या ४ पासून २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. आरंभीच्या काळीं रोग्याच्या नाकाचा सांचा घेऊन त्यावरून मास्क बनवीत, आणि तो रोज रात्रीं चिकट द्रव्यानें चेहऱ्यास चिकटवीत. आज यंत्र लहान झालें आहे, त्याचा आवाजहि थोडा येतो. लोक त्यास सीपॅप म्हणतात.

तथापि यंत्र कितीहि उत्तम असो, तें आणि मनुष्य यांना जोडणारा दुवा मास्क हाच होय. तो सुखावह नसेल तर यंत्र असून नसल्यासारखेंच. आमची हकीकत सांगण्यास संकोच वाटतो, पण ती दुसऱ्यांच्या उपयोगीं पडावी म्हणून सांगतों. ‘रात्रीं तुमचा श्वास थांबतो, मी जागी राहून मोजतें,’ असें आमची पत्नी म्हणे, आणि आम्ही तें हंसण्यावारी नेत असूं. पुढें एके सकाळीं शाळेस येतांना दुचाकीवरच झापड आली व गाडी रस्त्यालगतच्या खडीवर गेली. समोरून मुलांचा घोळका येत होता. देवाच्या कृपेनें कोणास लागलें नाहीं. त्याच आठवड्यांत आम्हीं तपासणी करून घेतली. यंत्र घरीं आलें. परंतु दुकानांत चेहऱ्याचें माप न घेतांच एक मोठा मास्क बांधून देण्यांत आला होता. त्याच्या कडेनें हवा सुटून डोळ्यांत जाई, म्हणून आम्ही पट्टे आवळीत गेलों. चार रात्रींत नाकाच्या दांड्यावर जखम झाली. त्यांत आमची धाकटी मुलगी ‘बाबांना सोंड आली!’ म्हणून हंसली, तेंहि मनास लागलें. यंत्र कपाटांत गेलें तें चार महिने तेथेंच राहिलें. दोष यंत्राचा नसून निवडीचा होता, हें आम्हांस उशिरां कळलें.

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला नाकपुड्यांच्या तोंडाशीं बसणाऱ्या लहान मऊ बोंडांचा. हा वजनानें हलका असतो, डोळ्यांपुढें येत नाहीं, व चष्मा लावून वाचणाऱ्यांस आणि बंद जागेची भीति वाटणाऱ्यांस सोयीचा पडतो. मात्र दाब अधिक असेल तर नाकपुड्या दुखतात. दुसरा सबंध नाक झांकणारा. यांत हवा सौम्यपणें पसरते, म्हणून अधिक दाबहि सोसवतो. तिसरा नाक व तोंड दोन्ही झांकणारा. ज्यांस तोंडानें श्वास घेतल्यावांचून चालतच नाहीं, त्यांस याचा उपयोग होतो. परंतु याची कड लांब असल्यामुळें हवा अधिक ठिकाणीं सुटते, आणि बहुधा दाबहि अधिक लागतो. म्हणून प्रथम नाकाच्या मास्कनेंच आरंभ करावा, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. नाक चोंदत असेल तर आधीं नाकाचा इलाज करावा. यंत्रास हवा कोमट व दमट करणारें भांडें जोडल्यानेंहि कोरडेपणा कमी होतो.

निवडीच्या वेळीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मास्क उभ्यानें किंवा बसून पाहूं नये. आडवें होऊन, यंत्र चालू करून, आपल्या नेहमींच्या दाबावर पाहावा, कारण निजल्यावर गालांची ठेवण बदलते. पाठीवर व दोन्ही कुशींवर वळून पाहावें. आपली नेहमींची उशी बरोबर असल्यास उत्तम. मोठा घेऊन पट्टे आवळण्यापेक्षां योग्य मापाचा घेऊन पट्टे सैलसर ठेवावे. हवा सुटूं लागल्यास लागलीच पट्टा ओढूं नये. मास्क चेहऱ्यापासून किंचित् उचलून पुनः बसूं द्यावा, म्हणजे त्याची मऊ कड हवेनें फुगून आपोआप बसते. मास्कवरील बारीक छिद्रें गळतीचीं नसून उच्छ्वास बाहेर जाण्यासाठीं असतात; तीं कधींहि बुजवूं नयेत. दाट मिशा किंवा दाढी असेल, नाकांत चमकी असेल, अथवा रात्रीं कवळी काढून ठेवावी लागत असेल, तर तें आधींच सांगावें. ज्या स्त्रियांस अंबाडा घालून निजण्याची संवय आहे, त्यांनीं पट्टे डोक्यावर कोठें येतात तें पाहावें. कांहीं मास्कांच्या पट्ट्यांस लोहचुंबक बसविलेले असतात. ज्यांच्या, किंवा ज्यांच्या शेजारीं निजणाऱ्यांच्या, छातींत पेसमेकर अथवा शरीरांत तत्सम धातूचें उपकरण असेल, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज तसला मास्क घेऊं नये.

संवयीसहि वेळ द्यावा लागतो. आरंभीं दिवसा, वाचीत बसलें असतां, मास्क अर्धा तास लावावा. मग मनांतील गुदमरल्याची भावना ओसरते. चेहऱ्यावरील तेलानें मास्कची कड खराब होते, म्हणून निजण्यापूर्वीं तोंड धुवावें, आणि कड रोज सकाळीं सौम्य साबणाच्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावी. कड कडक झाली कीं ती बदलावी. आणि एक मास्क जमला नाहीं म्हणून उपाय सोडूं नये. डॉक्टरांकडे जाऊन दुसरा मागावा. त्यांत लाज कसली? जोडा चावूं लागला तर आपण जोडा बदलतों, चालणें सोडीत नाहीं.

आम्हींहि शेवटीं मध्यम मापाचा, नाकापुरता मास्क घेतला. पहिले पंधरा दिवस जड गेले, नंतर जड वाटेनासें झालें. आतां वर्गांत पेंग येत नाहीं, आणि पत्नीस रात्रीं श्वास मोजीत बसावें लागत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं कोणी मोठ्यानें घोरत असेल, घोरतां घोरतां मध्येंच अगदीं स्तब्ध होत असेल, व दिवसा पेंगत असेल, तर त्यास हंसूं नका. आपलें घोरणें त्याचें त्यास ऐकूं येत नाहीं. तें तुम्हांसच ऐकूं येतें. तुम्हीं तें घरीं सांगितलें तर तो डॉक्टरांकडे जाईल. आणि त्याच्या तोंडावर मास्क आला, तर त्यास सोंड म्हणूं नका. आमच्या घरीं ज्या मुलीनें तसें म्हटलें होतें, तीच आतां रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं दाराशीं येऊन विचारते, ‘बाबा, मास्क लावलात ना?’ त्या प्रश्नाचें मोल आम्ही जाणतों. आरंभीं परमेश्वरानें मनुष्याच्या नाकपुड्यांत जो श्वास घातला, तो रात्रंदिवस जपणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य होय.