डोळ्याची शस्त्रक्रिया आणि उलटी

एखाद्या मुलाच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होते. भूल उतरते आणि थोड्याच वेळात त्याला उलट्या होऊ लागतात. शस्त्रक्रिया डोळ्याची, मग पोट का बिघडावे, असे तुम्हांला वाटेल.

खरे तर पोट बिघडलेले नसतेच. आपला प्रत्येक डोळा सहा लहान स्नायूंमुळे फिरतो. तिरळेपणा दूर करताना डॉक्टरांना त्यांपैकी काही स्नायू ओढावे लागतात. हा ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. तेथून दुसरा एक लांब मज्जातंतू हृदयाकडे आणि जठराकडे जातो. त्यामुळे स्नायू ओढताच कधीकधी हृदयाचे ठोके मंदावतात. मळमळही याच वाटेने होत असावी, असे डॉक्टर मानतात. भुलीचा वायू त्यात भर घालतो. मोतीबिंदू काढताना बहुधा फक्त डोळा बधिर करतात, म्हणून मोठ्या माणसांना हा त्रास कमी होतो.

उलटीच्या जोराने डोळ्यावर दाब येतो. शरीरातील पाणीही कमी होते. म्हणून उलटी होण्याआधीच ती टाळणे बरे.

समजा, तुमच्या धाकट्या बहिणीची अशी शस्त्रक्रिया आहे. तिला बस लागते का? आईवडिलांना भुलीनंतर कधी उलट्या झाल्या होत्या का? या साध्या गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगा. त्यावरून ते ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन यांसारखी औषधे आधीच देतात. कधी वायूऐवजी शिरेतून भूल देतात.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण सहा तास जेवण बंद असते. पाणी केव्हापर्यंत चालेल, ते डॉक्टर सांगतात. पण घरात कोणाला तरी दया येतेच! "पोरगी उपाशी कशी जाणार?" म्हणत नानी हळूच बिस्किट देते. भुलेत असताना ते अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेले, तर जिवावर बेतू शकते. काही खाल्लेच असेल, तर लपवू नका. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

नंतरही घाई नको. "दूध पी, म्हणजे ताकद येईल," असा आग्रह केल्यास उलट्या वाढतात. तिला तहान लागली, की घोटघोट पाणी द्या. भूक लागली, की मऊ खिचडी द्या. मात्र उलट्या थांबत नसतील किंवा त्यांबरोबर डोळाही फार दुखत असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.